तूर, हरभरा, भुईमूग : परीक्षानळीतील रोपांची अवघड वाट

ऊतिसंवर्धन म्हणजे वनस्पतीचा एखादा जिवंत तुकडा निर्जंतुक स्थितीत, मोजूनमापून बनवलेल्या पोषक माध्यमावर वाढवणे आणि त्यातून पूर्ण रोप उभे करणे. हा तुकडा पानाचा, देठाचा, कोंबाच्या टोकाचा, परागकोशाचा किंवा दाण्यातल्या भ्रूणाचा असू शकतो. महाराष्ट्रात ही पद्धत ‘टिश्यू कल्चर’ या नावाने शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली ती केळीमुळे. लागवडीच्या केळीला बी धरत नाही. तिची लागवड मुनव्यांनी किंवा कंदांनी करावी लागते आणि मुनव्याबरोबर रोगही एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो. प्रयोगशाळेत तयार झालेली निरोगी, एकसारखी रोपे मिळू लागल्यावर खानदेशातल्या केळीबागांनी ती हौसेने स्वीकारली.

तूर, हरभरा, मूग, उडीद, भुईमूग, सोयाबीन या शेंगवर्गीय पिकांची रोपे मात्र अशी कुठल्या रोपवाटिकेत विकत मिळत नाहीत, आणि ती मिळावीत याची गरजही नाही. दीड बाय दीड मीटर अंतरावर केळी लावली तर हेक्टरी सुमारे ४,४४४ रोपे लागतात. हरभरा ३० बाय १० सेंटिमीटरवर पेरला तर हेक्टरी ३,३३,३३३ झाडे होतात. एवढी रोपे बाटलीत वाढवून शेतात लावणे कोणालाही परवडणारे नाही. त्यापेक्षा साठ-सत्तर किलो बियाणे पेरणे कितीतरी सोपे. शिवाय हरभरा, मूग, भुईमूग, सोयाबीन ही स्वपरागित पिके आहेत. त्यांचे बी आईच्या वळणावरच जाते. तुरीत मधमाश्यांमुळे थोडेफार परपरागीकरण होते, पण तिचेही बियाणे विलगीकरण अंतर राखले की शुद्ध ठेवता येते.

म्हणून शेंगवर्गीय पिकांत ऊतिसंवर्धनाकडून अपेक्षा वेगळी आहे. लाखो एकसारखी रोपे येथे नको असतात. हवे असते एखादेच रोप, जे शेतात आपोआप कधीच तयार झाले नसते. घाटे अळी हरभऱ्याचे घाटे आणि तुरीच्या शेंगा पोखरते, आणि लागवडीखालच्या कोणत्याही वाणात तिला पुरून उरेल असा प्रतिकार सापडलेला नाही. तुरीवर मर आणि वांझ रोग आहेत, भुईमुगावर टिक्का आणि तांबेरा आहेत, आणि साठवलेल्या शेंगांत बुरशीमुळे तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष आहे. यांतल्या काही संकटांवरचा उतारा पिकाच्या रानटी भाऊबंदांत आहे, काहींचा तर पूर्णपणे परक्या सजीवांत. तो पिकात आणायचा तर बहुतेक वेळा एका पेशीपासून किंवा एका कोवळ्या भ्रूणापासून प्रयोगशाळेत रोप वाढवता येणे ही पहिली अट ठरते. शेंगवर्गीय पिके नेमकी हीच अट पुरी करायला सर्वाधिक कांकू करतात.

वनस्पतीच्या प्रत्येक जिवंत पेशीत पूर्ण झाड घडवण्याची क्षमता असली पाहिजे, हा विचार ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडला. त्यांनी पानांतल्या सुट्या पेशी द्रावणात ठेवल्या. त्या जगल्या, फुगल्या, पण एकीचेही विभाजन झाले नाही. विभाजन घडवणारी द्रव्येच तेव्हा कोणाला माहीत नव्हती. १९३९ मध्ये फ्रान्समध्ये गोत्रे आणि नोबेकूर यांना व अमेरिकेत व्हाइट यांना वनस्पतीच्या ऊती अखंड वाढत्या ठेवण्यात यश आले. खरी किल्ली सापडली १९५५ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्के स्कूग यांच्या प्रयोगशाळेत. हेरिंग माशाच्या शुक्राणूंतील डीएनए तापवल्यावर त्यातून मिळालेल्या एका पदार्थाने पेशींचे विभाजन झपाट्याने होऊ लागले. त्याला कायनेटिन हे नाव मिळाले आणि त्या गटातल्या संजीवकांना सायटोकायनिन म्हटले जाऊ लागले.

दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूवरच्या प्रयोगांतून आजही रोज वापरला जाणारा नियम सांगितला. माध्यमात ऑक्सिन या संजीवकाचे प्रमाण सायटोकायनिनपेक्षा जास्त असले तर तुकड्याला मुळे फुटतात. सायटोकायनिन जास्त असले तर कोंब येतात. दोन्ही समतोल राहिली तर पेशींचा आकारहीन गोळा वाढत राहतो. त्याला कॅलस म्हणतात. १९५८ मध्ये स्ट्यूअर्ड आणि रायनर्ट यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की गाजराच्या साध्या शरीरपेशींपासून बीजातल्यासारखे भ्रूण तयार होतात. १९६२ मध्ये तोशियो मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूसाठी क्षारांचे एक मिश्रण प्रसिद्ध केले. ‘एमएस माध्यम’ या नावाने ते जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचले. भारताचा वाटाही याच काळातला: १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशापासून, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या परागकणांपासून, रोपे मिळवली. जगात हे प्रथमच घडत होते.

शेंगवर्गीय पिकांना या इतिहासात स्वतःचे माध्यम मिळाले ते सोयाबीनमुळे. कॅनडातल्या सास्काटून येथील प्रयोगशाळेत गॅम्बोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये सोयाबीनच्या मुळातल्या पेशी द्रवात वाढवण्यासाठी ‘बी५’ माध्यम तयार केले. एमएस माध्यमाच्या तुलनेत त्यात अमोनियम जेमतेम दहावा हिस्सा आहे, आणि थायमिन हे जीवनसत्त्व शंभरपट: लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमऐवजी १० मिलिग्रॅम. सोयाबीनच्या पेशींना अमोनियमचा जादा डोस मानवत नाही, असे त्या प्रयोगांत दिसले. आजही हरभरा, तूर किंवा भुईमुगावर काम करणारे अनेक जण एमएसचे क्षार आणि बी५ची जीवनसत्त्वे अशी जोडगोळी वापरतात.

या कामाची सुरुवात धुण्यापासून होते, आणि अपयशाचीही बहुधा तेथूनच. माध्यमात लिटरमागे ३० ग्रॅम साखर असते. बुरशीला आणि जिवाणूंना याहून चांगले खाद्य मिळणार नाही. दाण्यावरचा एकही जंतू जिवंत राहिला तर चार दिवसांत बाटली पांढऱ्या-काळ्या बुरशीने भरते. त्यामुळे बी आधी साबणाच्या पाण्यात, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये मिनिटभर आणि त्यानंतर ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइडच्या किंवा सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात काही मिनिटे ठेवतात. पारा विषारी असल्याने नंतर निर्जंतुक पाण्याने चार-पाचदा धुवावे लागते. भुईमुगाची अडचण जास्त, कारण त्याची शेंग मातीत वाढते आणि जमिनीतली बुरशी टरफलाच्या आत पोचलेली असते.

माध्यमाचा सामू ५.८ ला आणून त्यात लिटरला सात-आठ ग्रॅम आगर घालतात, म्हणजे ते थंड झाल्यावर घट्ट बसते. मग ऑटोक्लेव्हमध्ये, घरच्या प्रेशर कुकरच्याच तत्त्वावर, १२१ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटे ठेवून ते निर्जंतुक होते. पुढचे सारे काम लॅमिनार एअरफ्लो या पेटीसमोर चालते. तिच्या जाळीतून गाळलेली हवा आतून बाहेर वाहत असते, त्यामुळे काम करणाऱ्याच्या श्वासातले किंवा कपड्यांवरचे जंतू आत जात नाहीत. चिमटा आणि चाकू दर वेळी अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवर धरायचे, निववायचे, मग हात लावायचा.

भुईमुगाचा दाणा येथे कसा कापतात ते पाहण्यासारखे आहे. रात्रभर निर्जंतुक पाण्यात भिजलेल्या दाण्याचे लालसर साल चिमट्याने अलगद सुटते. दाण्याची दोन बीजदले विलग केली की टोकाशी चिकटलेला इवलासा भ्रूण दिसतो. शेंगदाणे सोलताना सगळ्यांनी तो पाहिलेला असतो. तो काढून टाकतात. उरलेले प्रत्येक बीजदल उभे चिरून दोन भाग करतात आणि चिरलेली कड माध्यमात जराशी रुतेल असे ठेवतात. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने रूढ केलेल्या या पद्धतीत दोन-तीन आठवड्यांत भ्रूणाच्या जागेजवळ हिरवे ठिपके उमटतात आणि त्यांतून कोंबांचा झुबका येतो. भ्रूण काढलेला असल्यामुळे हे कोंब नव्याने उपजलेले आहेत याची खात्री असते. बाटल्या २५ अंशांच्या आसपास तापमानात, दिवसाचे सोळा तास प्रकाशात ठेवतात. दर तीन-चार आठवड्यांनी तुकडे नव्या माध्यमावर हलवावे लागतात: आधी कोंब फुटण्यासाठी, मग लांब होण्यासाठी, शेवटी मुळे धरण्यासाठी.

यात वापरली जाणारी काही द्रव्ये शेतकऱ्याच्या ओळखीची आहेत. टू-फोर-डी हे तणनाशक म्हणून फवारले जाते. लिटरमागे काही मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत तेच भुईमुगाच्या पेशींना भ्रूण बनवायला लावते. थायडायझुरॉन हे द्रव्य कपाशीची पाने गळवण्यासाठी तयार झाले, म्हणजे यंत्राने वेचणी सोपी व्हावी म्हणून. तुरीत आणि भुईमुगात कोंब किंवा भ्रूण मिळवण्यासाठी त्याच्याइतके प्रभावी द्रव्य क्वचितच सापडते. मात्रा बदलली की त्याच द्रव्याचे काम पालटते, आणि ती शोधण्यातच या क्षेत्रातल्या माणसांची वर्षानुवर्षे गेली आहेत.

तंबाखू, गाजर किंवा केळी ज्या सहजतेने प्रतिसाद देतात ती सहजता शेंगवर्गीय पिकांत नाही. याची कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. कापलेल्या जागेतून फिनॉल गटातली द्रव्ये पाझरतात, हवेशी संयोग होऊन ती काळी पडतात आणि तुकडाच मरतो. त्यासाठी माध्यमात ॲस्कॉर्बिक आम्ल किंवा कोळशाची पूड घालावी लागते. बंद बाटलीत साठणारा इथिलीन वायू कोंबांची वाढ खुंटवतो. काही वेळा कोंब काचेसारखे पाणचट, फुगीर होतात आणि बाहेर काढल्यावर तग धरत नाहीत. प्रतिसाद देणाऱ्या पेशी दाण्याच्या किंवा कोवळ्या रोपाच्या मोजक्याच जागी असतात. जून पान किंवा खोड घेतले तर कॅलस भरपूर वाढतो, पण त्यातून रोप येत नाही.

सर्वांत जाचक अडचण वाणांची. एका वाणाला लागू पडलेली कृती दुसऱ्या वाणाला लागू पडेलच असे नाही. शेतकऱ्यांना प्रिय असलेला वाण प्रयोगशाळेत मख्ख बसतो, आणि शेतात कोणी विचारत नाही असा एखादा वाण कोंबांनी भरून जातो. हा गुण आनुवंशिक आहे हे अमेरिकेतल्या बिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लसूणघासात १९७५ मध्ये दाखवले. कॅलसपासून रोप देणाऱ्या झाडांचीच निवड करून त्यांनी आपसांत संकर केले, तेव्हा अशा झाडांचे प्रमाण दोन फेऱ्यांत १२ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेले. म्हणजे पुनर्जननाची क्षमताही उत्पादनासारखीच निवडीने वाढवता येते. संशोधनासाठी नमुना म्हणून जगाने निवडलेल्या दोन शेंगवर्गीय वनस्पती, मेडिकागो ट्रंकाट्युला आणि लोटस जॅपोनिकस, यांच्या निवडीमागेही त्यांचा आटोपशीर जनुकसंच आणि त्या प्रयोगशाळेत हाताळायला सोप्या असणे ही कारणे होती. डाळींच्या पिकांची निवड मात्र माणसाने हजारो वर्षे चवीसाठी आणि उत्पन्नासाठी केली. पेशीच्या या गुणाकडे पाहण्याचे कारणच नव्हते.

यावर हळूहळू तोडगे निघाले. पहिला म्हणजे बीजदलाचे पेर. बी उगवल्यावर बीजदले जेथे खोडाला जुळतात तेथे काखेतले डोळे असतात. उगवणाऱ्या बियांनाच सायटोकायनिनचा भरपूर डोस दिला आणि मग ते पेर कापून माध्यमावर ठेवले तर एकेका पेरातून डझनभर कोंब फुटतात. सोयाबीनमध्ये १९८० मध्ये या पेरापासून अनेक कोंब मिळवले गेले, आणि तूर, हरभरा, मूग, उडीद यांतही पुढे हाच भाग सर्वाधिक वापरला गेला. दुसरा मार्ग शरीरपेशींपासून थेट भ्रूण मिळवण्याचा. यात पुण्याचे नाव आदराने घ्यावे लागते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, सुलेखा हाजरा, साठ्ये आणि मस्करेन्हस यांनी १९८९ मध्ये भुईमुगात कॅलसची पायरी गाळून थेट भ्रूण मिळवल्याचे प्रसिद्ध केले. साग, निलगिरी, बांबू यांच्या ऊतिसंवर्धनासाठी गाजलेल्या त्या प्रयोगशाळेने भुईमुगासारख्या अवघड पिकावरही चिकाटीने काम केले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही भुईमूग आणि तूर या दोन्ही पिकांच्या ऊतिसंवर्धनावर काम झाले. भुईमुगाच्या नव्या वाणांसाठी महाराष्ट्र या केंद्राला ओळखतोच. तेथला टीएजी-२४ हा वाण राज्यात दूरवर पसरला.

हरभऱ्यात कोंब मिळाले तरी मुळे धरेनात, ही तक्रार जगभरची. बाटलीत वाढलेला कोंब मुळांच्या माध्यमावर ठेवला की पाने पिवळी पडून गळायची. यावर संशोधकांनी कलमाचा उपाय शोधला. निर्जंतुक स्थितीत उगवलेल्या हरभऱ्याच्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, खोडात चीर द्यायची आणि प्रयोगशाळेतल्या कोंबाचे बूड पाचरीसारखे तासून त्या चिरेत बसवायचे. आंब्याचे कोय कलम करणाऱ्याला यात नवे काही वाटणार नाही, फक्त येथे खोडाची जाडी काडेपेटीतल्या काडीइतकी असते. जोड आठ-दहा दिवसांत जमतो आणि रोपाला उगवत्या बियाची निरोगी मुळे फुकट मिळतात. हरभऱ्यातल्या अनेक प्रयोगांचे यशापयश या साध्या, हातच्या कारागिरीवर ठरले आहे.

बाटलीतले रोप बाहेर काढणे ही शेवटची कसोटी. आत हवा दमट असते, साखर आयती मिळते, त्यामुळे पानांवर मेणाचा थर नीट चढलेला नसतो आणि पर्णरंध्रे मिटत नाहीत. मुळांवरचा आगर धुऊन रोप निर्जंतुक वाळू, कोकोपीट किंवा गांडूळखताच्या मिश्रणात लावतात, प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकतात आणि पिशवीला रोज थोडी थोडी भोके पाडत आर्द्रता कमी करतात. दोन-तीन आठवड्यांनी ते शेडनेटमध्ये जाते. शेंगवर्गीय रोपांना याच वेळी रायझोबियम जिवाणूंचे संवर्धक देणे गरजेचे, कारण निर्जंतुक बाटलीत मुळांवर गाठी येण्याचा प्रश्नच नसतो.

एवढ्या खटाटोपाचा पहिला मोठा लाभ रानटी वाणांशी संकर करण्यात झाला. तुरीचे जवळचे रानटी भाऊबंद तिच्याशी सहज संकरित होतात, पण कॅजॅनस प्लॅटिकार्पस ही जाती दूरची आहे. तिच्यात फायटोप्थोरा करप्याला तोंड देण्याची ताकद आहे. तिचा आणि तुरीचा संकर केला तर फलन होते, शेंग धरते, पण दोन-तीन आठवड्यांत आतला भ्रूण सुकतो, कारण त्याला पोसणारा भ्रूणपोषच नीट वाढत नाही. तो मरण्याआधी शेंग उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली बीजांडातून भ्रूण काढून माध्यमावर वाढवणे याला भ्रूणरक्षण म्हणतात. जवसाच्या दोन जातींच्या संकरात जर्मनीत लायबाख यांनी १९२५ मध्ये ही युक्ती यशस्वी केली होती. इक्रिसॅटमध्ये नलिनी मल्लिकार्जुन आणि मॉस यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात या मार्गाने तुरीचा असा संकर मिळवला. संकरित रोप वांझ निघाले. मग कोल्चिसिन या द्रव्याने गुणसूत्रे दुप्पट करून त्याला प्रजननक्षम केले, आणि तुरीशी केलेल्या पुढच्या संकरांतही पुन्हा भ्रूणरक्षण करावे लागले. भुईमुगालाही हा मार्ग मोलाचा आहे. लागवडीचा भुईमूग चार संचांचा, ४० गुणसूत्रांचा. त्याची उत्पत्ती अगदी मोजक्या संकरांतून झाल्याने त्याच्यातली विविधता तोकडी आहे. टिक्का आणि तांबेऱ्याचा प्रतिकार दक्षिण अमेरिकेतल्या अरॅकिस कार्डेनासीसारख्या रानटी जातींतून आणावा लागला.

दुसरा मार्ग जनुकांतरणाचा. यात हवे असलेले जनुक ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूमार्फत किंवा सोन्याच्या सूक्ष्म कणांवर चढवून, बंदुकीने मारून पेशीत घालतात आणि मग त्या पेशीपासून रोप वाढवतात. शेंगवर्गीय पिकांची कोंडी नेमकी येथे होते. जिवाणूला पोहोचता येते ते पृष्ठभागावरच्या जखमी पेशींपर्यंत, आणि बीजदलाच्या पेरातले कोंब फुटतात ते बहुधा आतल्या थरांतून. परिणामी शेकडो तुकड्यांवर काम करून मूठभर रोपे हाती येतात आणि त्यांतलीही काही अर्धी बदललेली, अर्धी तशीच. सोयाबीनमध्ये १९८८ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी दोन्ही पद्धतींनी यश मिळवले आणि १९९६ मध्ये तणनाशकसहनशील सोयाबीन तेथे शेतात आले. तेथल्या कंपन्यांनी त्यामागे पैसा आणि मनुष्यबळ ओतले. तूर-हरभऱ्याच्या वाट्याला असा गुंतवणूकदार आला नाही, कारण ही पिके मुख्यतः कोरडवाहू शेतकरी घेतात आणि बी घरचेच ठेवतात. त्यामुळे हा भार सार्वजनिक संस्थांनाच उचलावा लागेल, आणि तो त्यांनी अधिक जोराने उचलायला हवा.

हरभऱ्यात घाटे अळीला मारणारे बीटी जनुक घालून अळीची वाढ रोखल्याचे भारतीय शास्त्रज्ञांनी १९९७ मध्येच प्रसिद्ध केले. तरीही आजवर भारतात एकाही जनुकांतरित डाळवर्गीय पिकाची शेती सुरू झालेली नाही. आफ्रिकेत मात्र चवळीने ही मजल गाठली. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे टी. जे. हिगिन्स यांच्या गटाने चवळीच्या जनुकांतरणाची खात्रीशीर कृती २००६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि शेंगा पोखरणाऱ्या मरुका अळीला तोंड देणारी चवळी नायजेरियाने २०१९ मध्ये लागवडीसाठी मंजूर केली. हिगिन्स यांचाच वाटाण्यावरचा प्रयोग वेगळ्या वळणाने गेला. घेवड्यातले एक प्रथिन वाटाण्यात घातल्यावर भुंगेऱ्यांपासून पूर्ण संरक्षण मिळाले, पण ते प्रथिन वाटाण्यात किंचित वेगळ्या रूपात तयार झाले आणि उंदरांच्या प्रतिकारसंस्थेने त्यावर प्रतिक्रिया दिली. हे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते काम थांबले. खाण्याच्या पिकात अशी चाचणी वगळता येत नाही, हे त्या निर्णयाने सर्वांना दाखवले. भुईमुगात इक्रिसॅट आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मेडिकागो प्रजातीतली बुरशीरोधक प्रथिने वापरून, आणि दुसऱ्या पद्धतीने बुरशीचे विषनिर्मितीचे जनुकच शांत करून, अफ्लाटॉक्सिन अत्यल्प ठेवणारी झाडे तयार केली आहेत. कुपोषित मुलांच्या आहारात शेंगदाण्याचे स्थान पाहता या कामाचे मोल फार मोठे आहे.

ऊतिसंवर्धनाचा आणखी एक उपयोग वेळ वाचवण्याचा. हरभऱ्याचे नवे वाण शेतात घडवायला दहा-बारा वर्षे जातात, कारण संकरानंतर गुण स्थिर होईपर्यंत अनेक पिढ्या घ्याव्या लागतात. परागकोशापासून रोप वाढवून त्याची गुणसूत्रे दुप्पट केली की एकाच उडीत शुद्ध वाण मिळतो. धोतऱ्यात सोपा ठरलेला हा मार्ग शेंगवर्गीय पिकांत अजून खडतर आहे. हरभऱ्यात अशी रोपे मिळाली आहेत, पण रोजच्या वापराइतकी नाहीत. फ्रान्समध्ये वाटाण्यावर वेगळी युक्ती झाली: रोप बाटलीतच लहान ठेवून फुलवायचे, दोन-चार दाणे धरले की तेच पुन्हा पेरायचे. त्यातून एका वर्षात अनेक पिढ्या काढता येतात.

जनुकसंपादनाने, म्हणजे पिकाचे स्वतःचे जनुक नेमके बदलण्याच्या तंत्राने, आता जुनी अडचण नव्याने पुढे आणली आहे. सोयाबीनचा जनुकनकाशा २०१० मध्ये, तुरीचा २०११-१२ मध्ये आणि हरभऱ्याचा २०१३ मध्ये पूर्ण झाला. कोणते जनुक बदलायचे याची माहिती वाढते आहे, ते नेमके बदलणारी साधनेही आहेत. संपादित सोयाबीनपासूनचे ओलेइक आम्लाने समृद्ध तेल अमेरिकेत २०१९ मध्ये बाजारात आले. भारताने मार्च २०२२ मध्ये बाहेरचे जनुक शिल्लक न राहणाऱ्या संपादित वनस्पतींना जनुकांतरित पिकांच्या कडक नियमांतून सवलत दिली, आणि २०२५ मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीर झाले. तूर-हरभऱ्यात मात्र संपादन केलेल्या पेशीपासून फलधारी रोप मिळवणे हीच अडलेली पायरी आहे. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये हरभऱ्याच्या भित्तिकाविरहित सुट्या पेशींत जनुकसंपादन झाले. पण त्या पेशींपासून रोप उभे करणे हे वेगळे आणि अधिक कठीण काम आहे.

रोप उभे राहिले तरी काम तेथे संपत नाही. कुंडीतल्या त्या झाडाला बंदिस्त हरितगृहात फुले येतात, स्वपरागीकरण होते आणि घाटे किंवा शेंगा धरतात. त्या बियांतून पुढची पिढी पेरून प्रत्येक झाडाची तपासणी होते: हवा असलेला गुण पुढच्या पिढीत अपेक्षित प्रमाणात उतरला का, बाटलीतल्या दीर्घ वाढीमुळे गुणसूत्रांत नको ते बदल झाले का, दाण्याचा आकार, चव आणि डाळीचा उतारा टिकला का. ऊतिसंवर्धनातून आलेली काही झाडे बुटकी, वांझ किंवा वेड्यावाकड्या पानांची निघतात. ती तेथेच बाद होतात. उरलेल्या मोजक्या झाडांचा संकर प्रचलित वाणाशी होतो, कारण प्रयोगशाळेत दाद देणारा वाण सहसा शेतातला लाडका वाण नसतो. पाच-सहा वेळा उलट संकर करून जुन्या वाणाचे सारे गुण परत आणावे लागतात. मग कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर अनेक हंगाम चाचण्या, आणि त्यानंतर पैदासकार, पायाभूत आणि प्रमाणित अशा पायऱ्यांनी बियाणे वाढत जाते. शेतकऱ्याच्या हाती पडते ते नेहमीसारखे पिशवीतले बियाणेच. ते पाभरीने किंवा ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने पेरता येते, आणि जनुकांतरित वाणांचे नियम आड आले नाहीत तर पुढच्या हंगामासाठी घरी राखूनही ठेवता येते.